आरबीएस फिट: टायटॅनियम बसलं की सिलिकॉन सुटतं, सिलिकॉन बसवलं की टायटॅनियम

सिलिकॉन (१००) वेफरवर सोल-जेलने, म्हणजे द्रावणाचा थर देऊन, टायटॅनियम डायऑक्साइडची फिल्म काढली, ४५० अंश सेल्सिअसला भाजली आणि २.० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट; केईव्ही म्हणजे हजार) हेलियमच्या बीमवर रुदरफर्ड बॅकस्कॅटरिंगचा, म्हणजे आरबीएसचा, स्पेक्ट्रम घेतला: अणूंवर आदळून मागे उसळलेल्या हेलियमची ऊर्जा मोजली. आता सिमनरा किंवा रंप या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये फिट काही केल्या पूर्ण होत नाही. टायटॅनियमचं शिखर जुळवलं तर सिम्युलेशनमधली सिलिकॉनची पायरी (जाड वेफरमुळे शिखराऐवजी पायरी येते) मोजलेल्यापेक्षा उंच दिसते. सिलिकॉन जुळवलं तर फिल्म पंधरा-वीस टक्के जाड येते. ऑक्सिजन आणि टायटॅनियमचं गुणोत्तर कधी २.३, कधी १.७. सॅम्पल बदललं, प्रयोगशाळा बदलली, तरी रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते, कारण मूळ बहुतेक वेळा फिल्ममध्ये नसतं. ते सिलिकॉनमध्ये असतं, किंवा चार्जच्या, म्हणजे सॅम्पलवर किती हेलियम पडलं त्याच्या, आकड्यात.

खालचे आकडे या मांडणीचे आहेत: एकपट धन हेलियम, २.० एमईव्ही, डिटेक्टर १७० अंशांवर, चार्ज १० मायक्रोकूलोंब, घनकोन (सॅम्पलवरून डिटेक्टर किती मोठा दिसतो ते माप) १ मिलिस्टेरेडियन. फिल्म ६२० टीएफयू जाड. एक टीएफयू म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १०^१५ अणू. नॅनोमीटरचा विषय मुद्दाम शेवटी घेतला आहे.

आधी कॅलिब्रेशन, तेही वेगळ्या सॅम्पलवर

या कोनात पृष्ठभागावरच्या अणूंवरून परतणाऱ्या हेलियमची ऊर्जा अशी: सोनं १८४५ केईव्ही, टायटॅनियम १४३४, सिलिकॉन ११३१, ऑक्सिजन ७२५, कार्बन ५०५. कॅलिब्रेशनसाठी यांतल्या किमान तीन कडा हव्यात आणि त्या उघड्या पृष्ठभागाच्या हव्यात: कोरा सिलिकॉन, सोन्याचा अगदी पातळ थर, ग्लासी कार्बन. पायरीची कडा म्हणजे तिच्या निम्म्या उंचीचा चॅनल, पायथ्याचा नव्हे.

हमखास होणारी चूक अशी की विद्यार्थी स्वतःच्या फिल्मच्याच स्पेक्ट्रममध्ये सिलिकॉनची कडा शोधतो आणि तिला ११३१ केईव्ही देऊन टाकतो. पण ते सिलिकॉन फिल्मखाली आहे. हेलियम फिल्ममधून आत जाताना ऊर्जा गमावतो आणि बाहेर येताना पुन्हा गमावतो, त्यामुळे ६२० टीएफयूच्या फिल्मखाली ही कडा साधारण ५५ केईव्ही खाली, १०७५ च्या आसपास दिसते. तिला ११३१ म्हटलं की खालची सगळी मोजपट्टी सरकते, ऑक्सिजन भलत्याच जागी दिसू लागतो, आणि मग माणूस तो जागेवर आणण्यासाठी मॉडेलमध्ये नसलेले थर घालत बसतो.

कॅलिब्रेशन बरोबर असूनही सगळ्या कडा एकाच दिशेने काही केईव्ही सरकलेल्या असतील तर बीमची ऊर्जाच दाखवली जाते तेवढी नाही. ते काम मशीन चालवणाऱ्यांचं. ते अ‍ॅल्युमिनियमवर प्रोटॉनचा ९९२ केईव्हीचा अनुनाद (ठराविक ऊर्जेलाच उत्पन्न एकदम वाढतं, ती जागा) किंवा ऑक्सिजनवर हेलियमचा ३.०४ एमईव्हीचा अनुनाद घेऊन टर्मिनल व्होल्टेज तपासतात. तुम्ही फक्त विचारायचं, शेवटची तपासणी कधी झाली.

रुंदी आणि क्षेत्रफळ यांना समोरासमोर बसवा

फिट करताना सगळी चलं एकदम मोकळी सोडू नका. टायटॅनियमच्या शिखरात दोन स्वतंत्र माहित्या असतात. शिखराची रुंदी केईव्हीमध्ये असते. ती फिल्ममध्ये हेलियम किती ऊर्जा गमावतो त्यावर ठरते आणि तिचा चार्जशी काडीचा संबंध नसतो. शिखराचं क्षेत्रफळ मात्र अणूंच्या संख्येला चार्ज आणि घनकोनाने गुणून येतं. आपल्या फिल्मसाठी रुंदी ५५ ते ६० केईव्ही येते. डिटेक्टरचं विभेदन, म्हणजे जवळच्या दोन ऊर्जा वेगळ्या दाखवण्याची क्षमता, १५ ते १८ केईव्ही असेल तर शिखराला स्पष्ट सपाट माथा दिसतो आणि रुंदी विश्वासाने मोजता येते. वीसेक नॅनोमीटरच्या फिल्मला ही सोय नाही. तिथे शिखर डिटेक्टरच्याच रुंदीचं असतं आणि फक्त क्षेत्रफळ हाती उरतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी जाडी बदलून टायटॅनियमची रुंदी आणि सिलिकॉनच्या कडेची जागा जुळवा. या दोन्ही गोष्टी एकाच जाडीला जुळल्या पाहिजेत. मग ‘कण गुणिले स्टेरेडियन’ हा आकडा बदलून टायटॅनियमच्या माथ्याची उंची जुळवा. त्यानंतरच सिलिकॉनच्या उंचीकडे पाहा. आता निदान सोपं होतं.

टायटॅनियम आणि सिलिकॉन दोन्ही जुळले, पण त्यासाठी वापरलेला आकडा नोंदवलेल्या चार्जपेक्षा बराच वेगळा निघाला, तर दोष चार्जच्या मोजणीत किंवा घनकोनात आहे. टायटॅनियम जुळलं आणि फक्त सिलिकॉन कमी पडलं, तर चॅनलिंग, म्हणजे हेलियम स्फटिकातल्या मोकळ्या वाटांनी निसटतो आहे. आणि चार्ज विश्वासाचा आहे, सिलिकॉन जुळतं, रुंदीही जुळते, पण टायटॅनियमचा माथाच बुटका, तर फिल्ममध्ये तुम्ही मॉडेलला न सांगितलेलं काहीतरी हलकं आहे: न जळलेला कार्बन, हायड्रॉक्सिल, छिद्रांत अडकलेलं पाणी. हलके अणू हेलियमची ऊर्जा खातात, रुंदी वाढवतात आणि त्या प्रमाणात टायटॅनियमला विरळ करतात. रसायनवाल्यांना हे तिसरं निदान सगळ्यात उपयोगी, आणि तेच सगळ्यात कमी वेळा केलं जातं.

सिलिकॉन कमी पडतं तेव्हा

सिलिकॉन वेफर हा एकसंध स्फटिक आहे. बीम स्फटिकाच्या अक्षाशी किंवा एखाद्या प्रतलाशी जुळला की हेलियम अणूंच्या रांगांमधल्या मोकळ्या वाटेने खोल निघून जातो आणि परतणारे कण घटतात. (१००) वेफरवर बीम अक्षाशी नेमका जुळला तर पृष्ठभागाजवळचं उत्पन्न नेहमीच्या ३ ते ४ टक्क्यांवर येतं. इतकी घट कोणाच्याही लक्षात येते. घात करते ती अर्धवट घट, दहा, पंधरा, वीस टक्क्यांची. वेफर ‘सरळ’ लावला, सॅम्पलचा कोन ठरवणाऱ्या गोनिओमीटरवर शून्य अंश ठेवला, पण वेफरचा काप अर्धा अंश तिरका, होल्डरची क्लिप थोडी उचललेली, वरची फिल्म बीमला जरा पसरवते, आणि मग ना पूर्ण चॅनलिंग ना पूर्ण यादृच्छिक दिशा, असा मधलाच स्पेक्ट्रम मिळतो. तो दिसायला अगदी सभ्य असतो.

यात हिशेब कसा बिघडतो ते पाहा. सिलिकॉन १५ टक्क्यांनी दबलेलं आहे. तुम्हाला चार्जवर भरवसा नाही, म्हणून सिलिकॉनची पायरी जुळवून चार्ज ठरवला, तो १५ टक्के कमी निघाला. आता टायटॅनियमचं तेच क्षेत्रफळ कमी कणांवर मांडायचं, तर अणू १ भागिले ०.८५, म्हणजे जवळपास १८ टक्के जास्त. पहिल्या परिच्छेदातली ‘पंधरा-वीस टक्के जाड’ फिल्म ती हीच. तिची रुंदी मात्र ६२० टीएफयूलाच जुळत राहते.

खात्री करायला स्पेक्ट्रमचा आकार बघा. चार्ज चुकला असेल तर मोजलेली सिलिकॉनची रेषा सिम्युलेशनच्या रेषेशी सगळीकडे एकाच पटीत असते. चॅनलिंगमध्ये कडेजवळ तूट मोठी असते आणि कमी ऊर्जेकडे जाताना भरून येते, कारण खोल गेलेले कण हळूहळू वाटेवरून ढळतात. कधी कडेवरच एक बारीक टोक उभं राहतं. शंका उरलीच तर सॅम्पल आणखी ३ अंश कलवून दोन मायक्रोकूलोंबचा झटपट स्पेक्ट्रम घ्या. टायटॅनियम तसंच राहून सिलिकॉनची उंची बदलली, तर दुसरं कारण शोधायची गरज नाही.

उपाय सोपा आहे, पण तो बीम चालू असतानाच करायचा. नंतर सॉफ्टवेअरमध्ये याला नीट औषध नाही. सॅम्पल ५ ते ७ अंश कलवा. नुसतं कलवणं पुरत नाही. अक्ष चुकला तरी प्रतलं चुकत नाहीत, ती वेफरभर पसरलेली असतात. म्हणून मोजणी चालू असताना सॅम्पल स्वतःभोवती सतत फिरतं ठेवा. चेंबरमध्ये ती सोय नसेल तर ७ अंशांवर ठेवून चार-पाच वेगवेगळ्या फिरकी कोनांवर थोडा थोडा चार्ज घ्या आणि बेरीज करा. चिप कारखान्यांत आयन रोपण करतानाही वेफर ७ अंश कलवून वर २२ अंशांच्या आसपास फिरवतात, ते याच कारणाने. कलवल्यावर सॉफ्टवेअरमध्ये आपाती कोन, म्हणजे बीम सॅम्पलवर पडण्याचा कोन, ० वरून ७ करायला विसरू नका. फरक जेमतेम पाऊण टक्क्याचा आहे, पण पुढे कोणी तोच फाईल-साचा ६० अंशांच्या मोजणीला वापरला की विसर महागात पडतो.

चार्जचा आकडा

एकपट धन हेलियमचा १ मायक्रोकूलोंब म्हणजे ६.२४ × १०^१२ कण. बीम दुप्पट धन असेल तर त्याच चार्जमध्ये निम्मेच कण. टॅन्डम प्रकारच्या त्वरकांवर दोन्ही अवस्था मिळतात आणि एकच २.० एमईव्ही ऊर्जा टर्मिनल व्होल्टेज बदलून दोन्हींत साधता येते. नोंदवहीत अवस्था लिहिलेली नसेल आणि आकडा बरोबर दोनच्या पटीत चुकत असेल, तर पुढे काही शोधू नका.

पाच ते तीस टक्क्यांच्या चुका बहुधा दुय्यम इलेक्ट्रॉनच्या असतात. हेलियम आदळला की सॅम्पलमधून मंद इलेक्ट्रॉन उडतात. धन कण आत येणं आणि ऋण कण बाहेर जाणं, चार्ज मोजणाऱ्या इंटिग्रेटरला दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून चार्ज आहे त्यापेक्षा जास्त मोजला जातो आणि फिल्म पातळ निघते. सॅम्पलला सुमारे २०० ते ३०० व्होल्ट धन बायस द्या, किंवा समोर तेवढ्याच ऋण विभवाचं कडं लावा. बायस लागला आहे की नाही हे डब्यावरच्या दिव्यावरून ठरवू नका. बायस बंद-चालू करून बीमचा प्रवाह वाचा. आकडा हलला नाही तर तार कुठेतरी तुटलेली आहे.

घनकोन: ५० चौरस मिलिमीटरचा डिटेक्टर २२० मिलिमीटरवर असेल तर १ मिलिस्टेरेडियन. पुढे पट्टी किंवा छिद्र लावलेलं असेल तर क्षेत्रफळ त्याचं धरायचं, डिटेक्टरचं नव्हे. या कटकटींतून सुटायचं असेल तर अँटिमनी रोपलेल्या सिलिकॉनचं प्रमाणित स्टँडर्ड त्याच दिवशी, त्याच बीमवर मोजून घ्या. सगळा गुणाकार एका आकड्यात मिळतो.

काचेवरच्या फिल्मचं प्रकरण वेगळं आहे. काच चार्ज वाहून नेत नाही. पृष्ठभाग काही किलोव्होल्टपर्यंत चढतो, मधूनच ठिणगी पडून उतरतो, कडा सरकतात आणि पसरतात, इंटिग्रेटर उड्या मारतो. पाच-दहा नॅनोमीटर कार्बनचा लेप द्या आणि सॅम्पलच्या वरच्या पृष्ठभागापासून होल्डरपर्यंत सिल्व्हर पेस्टची रेघ ओढा. खालून लावलेली कार्बन टेप इथे निरुपयोगी. एफटीओ काचेवरची (फ्लोरिन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा वाहक थर असलेल्या काचेवरची) फिल्म आरबीएसला पाठवूच नका. अर्ध्या मायक्रॉनच्या त्या थरातलं कथील १७०० केईव्हीच्या जवळपास सुरू होऊन १२०० च्या आसपासपर्यंत पसरतं, आणि तुमचं टायटॅनियम त्याच्या बरोबर डोक्यावर बसतं.

ऑक्सिजनचं गुणोत्तर २.३ का येतं

प्रकीर्णनाची शक्यता अणुक्रमांकाच्या वर्गाने वाढते. टायटॅनियमचा २२, ऑक्सिजनचा ८. त्यामुळे एका ऑक्सिजनपेक्षा एक टायटॅनियम अणू आठपटीहून थोडे जास्त कण परतवतो. आपल्या फिल्ममध्ये दर टायटॅनियममागे दोन ऑक्सिजन असूनही टायटॅनियमचे साधारण ८००० काउंट मिळतात आणि ऑक्सिजनचे १९००. शिवाय टायटॅनियम मोकळ्या जागेत उभं असतं, तर ऑक्सिजन सिलिकॉनच्या पायरीवर. ऑक्सिजनच्या शिखराखालच्या साठेक केईव्हीच्या पट्ट्यात सिलिकॉनचे ११ ते १२ हजार काउंट असतात.

त्या पार्श्वभूमीचं फिट केवळ २ टक्क्यांनी चुकलं तर २३० काउंट इकडचे तिकडे होतात. १९०० मध्ये २३० म्हणजे १२ टक्के. गुणोत्तर २.० असेल तर ते १.७६ ते २.२४ पर्यंत कुठेही येऊ शकतं. डोळ्यांना फिट उत्तम वाटत असताना हे होतं. अशा स्पेक्ट्रमवरून ‘ऑक्सिजन-न्यून फिल्म’ असा निष्कर्ष प्रबंधात लिहिणं धाडसाचं आहे. चार्ज दुप्पट केल्याने यादृच्छिक चूक कमी होते, पार्श्वभूमीच्या आकाराची चूक तशीच राहते.

यावर तीन मार्ग आहेत, आणि पहिला इतका स्वस्त आहे की बाकीच्यांची क्वचितच गरज पडावी. स्पिन कोटिंग करताना वेफरसोबत ग्लासी कार्बनचा तुकडाही घ्या, त्याच सोलने, त्याच फेऱ्यांत. कार्बन ५०५ केईव्हीला सुरू होतो, म्हणजे ७२५ जवळचा ऑक्सिजन पूर्ण मोकळा दिसतो. दोन शिखरांची क्षेत्रफळं, दोन क्रॉस-सेक्शन (प्रकीर्णनाच्या शक्यतेची मापं), एक भागाकार. चार्ज आणि घनकोन वर-खाली छेदून जातात. भाजताना मात्र जपा: हवेत ४५० अंशांना ग्लासी कार्बन हळूहळू झिजू लागतो, तेव्हा वेळ लांबवू नका.

दुसरा मार्ग म्हणजे चॅनलिंगलाच कामाला लावणं. वेफर मुद्दाम अक्षाशी नेमका जुळवा. सिलिकॉनची पार्श्वभूमी कोसळते, फिल्म बहुस्फटिकी असल्यामुळे तिची शिखरं तशीच राहतात, आणि ऑक्सिजन वर निघून येतो. याच स्पेक्ट्रमवरून चार्ज ठरवायचा मोह टाळा.

तिसरा मार्ग ३.०४ एमईव्हीचा अनुनाद. तिथे ऑक्सिजनचं उत्पन्न रुदरफर्डच्या सूत्रापेक्षा वीसपटीहून अधिक वाढतं. बीम ३.०५ च्या जरा वर ठेवतात, म्हणजे अनुनाद फिल्मच्या आत पडतो. अनुनाद जेमतेम दहा केईव्ही रुंद असल्याने तो फिल्मचा एक पापुद्राच उजळवतो, आणि पूर्ण फिल्मसाठी ऊर्जा पायरी-पायरीने वाढवावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये रुदरफर्डऐवजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या आयबँडल संग्रहातला किंवा सिग्माकॅल्कचा क्रॉस-सेक्शन निवडा. हा पर्याय न बदलल्याने ऑक्सिजन कित्येकपट दाखवणारे अहवाल निघतात. ऑक्सिजनपुरता २.० एमईव्ही सुरक्षित आहे, २.४ च्या पुढे सूत्रावर डोळे मिटून विसंबू नये.

किरकोळ, पण वेळ खाणाऱ्या गोष्टी

२००० केईव्हीच्या वर बॅकस्कॅटरिंगचा एकही खरा काउंट असू शकत नाही, कारण बीमच तेवढ्याचा आहे. तिथे काउंट दिसत असतील तर ते पाइल-अप, म्हणजे दोन कण एकदम येऊन एक मोजला गेलेला. प्रवाह १० नॅनोअँपिअरच्या आसपास आणा, डेड टाइम, म्हणजे मोजणी यंत्रणा व्यस्त असल्याने वाया जाणारा वेळ, ५ टक्क्यांखाली ठेवा. १४३४ आणि २००० च्या मध्ये एखादं अरुंद शिखर असेल तर मात्र ती खरी अशुद्धी समजा.

विभेदन अचानक बिघडलं तर आधी चेंबरची खिडकी झाका. सिलिकॉन डिटेक्टरला उजेड दिसतो, गळती-प्रवाह वाढतो, बायस घसरतो. निर्वात मोजणारा आयन गेजही चमकतो, मोजणीच्या वेळी तो बंद ठेवा. तरीही फरक पडला नाही तर अमेरिशियम-२४१ चा ५.४८६ एमईव्हीचा अल्फा घेऊन डिटेक्टर स्वतंत्र तपासावा.

टायटॅनियमच्या शिखराला खालच्या बाजूने शेपूट आणि सिलिकॉनच्या कडेला उतार, असं दोन्ही असेल तर एकतर सीमेवर मिसळण आहे किंवा फिल्म खडबडीत आहे. आरबीएसला यातला फरक कळत नाही. एएफएमने (अणुबल सूक्ष्मदर्शकाने) पृष्ठभाग तपासा, मगच ‘विसरण’ हा शब्द वापरा. ११३१ पासूनच सिलिकॉनची छोटी पायरी सुरू झाली तर फिल्मला तडे आहेत. जाड सोल-जेल थरांत हे सर्रास होतं.

नॅनोमीटर

आरबीएस जाडी मोजत नाही, दर चौरस सेंटिमीटरचे अणू मोजतं. सॉफ्टवेअर नॅनोमीटर दाखवतं ते तुम्ही दिलेल्या किंवा त्यात आधीच भरलेल्या घनतेवरून. घट्ट अ‍ॅनाटेजची घनता ३.८९ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, म्हणजे ८.८ × १०^२२ अणू. त्या हिशेबाने १०० नॅनोमीटर म्हणजे ८८० टीएफयू, आणि आपली ६२० टीएफयूची फिल्म ७० नॅनोमीटर. एसईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) छेदात तीच १०० नॅनोमीटर दिसली तर कोणाचंच मोजमाप चुकलेलं नाही. ६२० टीएफयू १०० नॅनोमीटरवर पसरवले तर घनता २.७४ येते, म्हणजे साधारण ३० टक्के पोकळी. सोल-जेल फिल्मला हे शोभतं.

त्या पोकळीत पाणी असू शकतं, आणि हायड्रोजन आरबीएसला कधीच दिसत नाही, कारण हेलियम स्वतःपेक्षा हलक्या अणूवरून मागे उसळत नाही. ग्लासी कार्बनवरही गुणोत्तर २.० च्या वर टिकून राहिलं तर तुकडा पुन्हा भाजून मोजा. उतरलं तर पाणी किंवा हायड्रॉक्सिल होतं. हायड्रोजनचा आकडाच हवा असेल तर सॅम्पल ७५ अंश कलवून, ३० अंशांवर, मायलरच्या पडद्यामागच्या डिटेक्टरने ईआरडीए, म्हणजे पुढे उडालेले हलके अणू मोजण्याचं तंत्र, करावं लागतं. नवी दिल्लीचं इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर असो वा दुसरं कुठलं केंद्र, बीमटाइमचा अर्ज भरतानाच हे लिहा, कारण त्यासाठी चेंबरची मांडणी बदलावी लागते. आणि अहवालाच्या तक्त्यात पहिला स्तंभ टीएफयूचा ठेवा, नॅनोमीटरचा दुसरा, त्याच्या डोक्यावर धरलेली घनता लिहून.